कौटुंबिक कारण

१९९१ साली दानेश्वरी पट्टणशेट्टी संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली, तेव्हा तिच्या वर्गात मुलग्यांपेक्षा मुली जास्त होत्या आणि पहिले तिन्ही नंबर मुलींचे होते. दहा-अकरा वर्षांनी सांगलीच्या एका परिषदेला ती गेली, तर त्या वर्गातले मुलगे टाय लावून भाषणं करत होते, आणि मुलींपैकी हजर अशी ती एकटीच. तीसुद्धा कायम नोकरीतली नव्हे. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायची आणि सकाळ-संध्याकाळ राजारामपुरीतल्या क्लासमध्ये बारावीची पोरं घ्यायची. दर जूनला कॉलेज तिला नव्यानं मुलाखतीला बोलवायचं, जणू ह्या बाईला आधी कधी पाहिलंच नाही.

परतीच्या गाडीत तिनं आपल्या जुन्या प्राध्यापकांना, सरनाईक सरांना विचारलं, "सर, आपल्या मुली गेल्या कुठं?"

"कुठं जाणार? लग्नं झाली, गेल्या," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले आणि शेंगा फोडू लागले.

ते उत्तर तिला लागलं. पीएच.डी.ला तिनं हाच विषय मागितला: जिल्ह्यातल्या संख्याशास्त्र शिकलेल्या स्त्रियांच्या नोकऱ्यांचं पुढं काय झालं. सरांनी आढेवेढे घेतले, पण मार्गदर्शक व्हायला तयार झाले. कुरुंदवाडला बाजारपेठेत दुकान चालवणाऱ्या तिच्या वडिलांनी, रुद्राप्पांनी, एवढंच विचारलं, "ह्यानं नोकरी पक्की हुतीया न्हवं?"

"होईल, अप्पा," ती म्हणाली. तेव्हा तिला तसंच वाटत होतं.

मग रविवारी एस.टी.नं गावं पालथी घालणं सुरू झालं. एक जयसिंगपुरात नवऱ्याच्या औषधाच्या दुकानात बसायची. एक सकाळी पोळ्यांचे डबे करायची आणि दुपारी विम्याची कामं. गडहिंग्लजकडच्या एकीनं तर दार अर्धंच उघडलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "माझं शिक्षण सासरी बारावीच सांगितलंय. मालक बी.ए. हाईत. पोरगी वरचढ नको म्हणून आमच्या वडलांनीच तसं ठरवलं. तू साड्यांच्या भिशीचं विचारायला आलीस म्हणून सांगतो मी. जा आता."

काम का सोडलं, असं विचारलं की बहुतेकींचं उत्तर एकच: घरचं. दानेश्वरी ते कौटुंबिक कारण म्हणून नोंदवायची आणि पुढच्या प्रश्नाकडं वळायची. तिला वाटायचं, एकीनं तरी ह्याच्या पलीकडं बोलावं. तेजस्वी बोलेल, अशी तिला खात्री होती.

तेजस्वी वर्गात पहिली आलेली. फळ्यावर सरांची चूक झाली की बाकावरनं उठून खडू मागणारी. निकालाच्या दिवशी तिच्या वडिलांनी, गणपतरावांनी, गावच्या तालमीपुढं जिलेबी वाटली होती. तिला सरकारी कचेरीत आकडेवारीच्या विभागात नोकरी लागली. जिल्ह्यातले जन्म-मृत्यू गावागावांतून तिच्या टेबलावर येत, ती त्यांचे तक्ते बांधून वर पाठवी. वर्गातली सगळ्यात भक्कम नोकरी तिची. आणि दोन वर्षांपूर्वी तिनं एकाएकी राजीनामा दिला होता.

कागलच्या बाजूला तिचं सासर. दानेश्वरी पोचली तेव्हा सोप्यात तेजस्वीची सासू बायडाबाई गवारी मोडत बसली होती. नवरा कृष्णात पंचतारांकित एमआयडीसीत पाळीला गेलेला. दोन मुली परकराचे ओचे धरून पावण्या बाईकडं टकामका बघत उभ्या राहिल्या.

"बसा की पावणं," बायडाबाई म्हणाली. "ही काय सांगंल तुमास्नी? मीच सांगतो. सरकारी नोकरी लाथाडली हिनं. आमी कोण सोड म्हणालो न्हाय. शिकल्यालं डोस्कं, काय करतंय त्येचं त्येला ठावं."

तेजस्वी चहा घेऊन आली. वाळली होती. दानेश्वरी विचारत गेली, ती पाठ केल्यासारखी उत्तरं देत गेली. सोडण्याचं कारण?

"घरचंच. लिही की काय लिहितीस ते."

पुढं विचारण्यात अर्थ नव्हता. दानेश्वरी उठली तशी तेजस्वी सासूला म्हणाली, "मी येतो हिला फाट्यापतोर सोडून."

उसाच्या कडेनं दोघी निघाल्या. घर मागं पडल्यावर तेजस्वीच बोलायला लागली, रस्त्याकडं बघत.

"आकडं खाली जात हुतं, दाने. पोरींचं. एका गावात न्हाई, गावोगाव. मी तक्ता करून साहेबांपुढं ठेवला. ते म्हणाले, परत तपासा. तपासला. तर म्हणाले, एवढं ठळक कशाला दाखवताय मॅडम, वर उगंच प्रश्न येतात. मी म्हटलं, येऊ देत की! भांडलो मी त्यांच्याशी, सगळ्या कचेरीदेखत."

"मग?"

"मग मला तिसऱ्यांदा दिवस गेले."

दानेश्वरी थांबली. तेजस्वी थांबली नाही, म्हणून तिला भराभर चालत पुढं जावं लागलं.

"दवाखान्याचं नाव विचारू नकोस. मशीन लावलं, डॉक्टर तोंडानं काही बोलला न्हाई, नुसती मान हलवली. चार दिसांत खाली करून आणलं. मला कायदा म्हाईत न्हवता असं न्हाई. त्या कायद्याचं परिपत्रक गावोगाव माझ्याच हातनं गेलतं."

"तू नाही म्हणाली नाहीस?"

"म्हटलं. एकदा म्हटलं. नवरा दोन दिवस जेवला न्हाई. सासू पोरींस्नी घेऊन परड्यात रडत बसली. आमचे आप्पा आले, जिलेबी वाटणारे. ते म्हणाले, तेजा, संसार मोडू नकोस." तिनं पदरानं तोंड पुसलं. "रजा संपवून कचेरीत गेलो. टेबलावर तक्ते हुते. हात लाववंना. वाटलं, साहेबाला कुठल्या तोंडानं सांगू? राजीनामा दिला. घरात सगळ्यास्नी वाटलं, डोस्कं फिरलं."

फाट्यावर गाडी दिसत नव्हती. वडाखाली दोघी उभ्या राहिल्या.

"आणि आता परत हायेत दिवस," तेजस्वी म्हणाली. "पुढल्या आठवड्यात जायचंय."

दानेश्वरीनं तिचा दंड धरला. "माझ्याकडं चल. मुलींना घेऊन चल. राजारामपुरीत माझी खोली आहे. आपण तक्रार करू, तेजा. तुझ्याइतकं हे कुणाला माहीत आहे?"

"तुझ्या खोलीत किती दिवस? तुझी नोकरी जूनपतोर. मग?" तेजस्वीनं सावकाश हात सोडवून घेतला. "आणि तक्रार कुणावर करू? कृष्णात आत गेला तर ह्या पोरी कुणाच्या दारात उभ्या करू? लिहू नकोस हे. नाव गाळूनबी लिहू नकोस. आपल्या वर्गातली, ह्या बाजूची, दोन पोरींची, सरकारी नोकरी सोडलेली. कोण म्हणून विचारायची गरज पडंल व्हय?"

गाडी आली. दानेश्वरी चढली. मागं वळून बघितलं तर तेजस्वी घराकडं निघालीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी दानेश्वरी आरोग्याच्या एका कचेरीत गेली. तिथल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं. "दवाखान्याचं नाव? बाईचं नाव? बरं, तुम्ही कोण त्यांच्या?" दवाखान्याचं नाव तिला माहीत नव्हतं. बाईचं होतं, ते देता येत नव्हतं. तिथनं ती सरनाईक सरांकडं गेली. कुणाचंही नाव न घेता सगळं सांगितलं आणि म्हणाली, "सर, कारणांच्या मुळाशी हे असेल, तर मला त्यावर प्रकरण लिहू द्या."

सरांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. "मला वाईट वाटतं गं. पण एका बाईचं सांगणं म्हणजे माहिती नव्हे. तीही लिहून देणार नाही म्हणतेस. परीक्षक मला विचारतील, ही संख्याशास्त्राची विद्यार्थिनी का समाजकार्याची? आधी पदवी पदरात पाड. मग काय लिहायचं ते लिही."

आठवडा सरत आला तेव्हा तिनं क्लासच्या खालच्या बूथवरनं तेजस्वीच्या शेजाऱ्यांकडं फोन लावला. कृष्णात बोलायला आला. आवाज थकलेला होता.

"झोपलीया ती. बरं न्हाई तिला. काय काम हुतं?"

"काही नाही. मैत्रीण बोलते."

"सांगतो," तो म्हणाला, आणि नाव न विचारताच फोन ठेवला.

दानेश्वरी जिना चढून वर गेली. पोरं वह्या उघडून बसली होती. तिनं सरासरीचा धडा घेतला. एकानं शंका विचारली, ती तिनं दोनदा समजावून दिली.

प्रबंध पुरा व्हायला आणखी दोन वर्षं गेली. त्यात तेजस्वी कौटुंबिक कारणातच होती. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी कामाची तारीफ केली आणि विचारलं, "हा कौटुंबिक कारणाचा गट फार मोठा दिसतो. ह्याची फोड करता आली नसती का?"

सरनाईक सर टेबलाकडं बघत राहिले. कुरुंदवाडहून आलेले रुद्राप्पा, नवी टोपी घालून, मागच्या बाकावर बसले होते. प्रश्न त्यांना कळला नाही, पण लेक अडली एवढं कळलं.

"नाही, सर," दानेश्वरी म्हणाली. "माहिती मिळाली नाही."

"ठीक आहे, ही मर्यादा म्हणून लिहा," परीक्षक म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नावामागं डॉक्टर लागलं. पुढच्या जूनला कॉलेजनं तिला पुन्हा मुलाखतीला बोलावलं, आणि जागा भरायला अजून मंजुरी नाही म्हणून पुन्हा तासिकेवरच घेतलं. अप्पांनी नोकरीचं विचारणं बंद केलं.

२००६ च्या उन्हाळ्यात तेजस्वीला मुलगा झाला. बारशाला दानेश्वरी गेली. मांडवात स्पीकर लागला होता, बायडाबाई येईल त्याच्या तोंडात पेढा कोंबत होती. थोरली मुलगी आता उंच झालेली. ती पावण्यांना पाणी देत फिरत होती. तेजस्वी पाळण्याशी बसली होती. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. तिनं बाळ उचलून दानेश्वरीच्या मांडीवर दिलं.

"चांगल्या शाळेत घाल की हिला," दानेश्वरी थोरलीकडं बघत म्हणाली. "हुशार दिसते."

"गणितात पयली येती," तेजस्वी म्हणाली. त्यात कौतुक नव्हतं. "आमचे आप्पा म्हणतात, बारावी झाली की बघूया तिला स्थळ."

"आणि तू काय म्हणतेस?"

तेजस्वीनं तिच्याकडं पाहिलं. तेवढ्यात बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि कुणीतरी दानेश्वरीच्या मांडीवरचं बाळ उचलून नेलं. तेजस्वी उठून त्यांच्यात जाऊन उभी राहिली. जेवणं झाल्यावर दानेश्वरी तिला शोधत परड्यात गेली, पण ती आत पंगत वाढत होती. मग दानेश्वरी एकटीच फाट्याकडं निघाली.