जलबाबांची राख

हिंगणीजवळ, बोर धरणाच्या काठी, त्या सकाळी दोन-तीनशे माणसं जमली होती. उन्हाळ्यात पाणी मागे हटून एक छोटा डोह सुटा पडला होता. जलबाबांनी त्यात दोन टोपल्या राख ओतली आणि आरोळी ठोकली, "आव मैया, ऊपर आव! भगत की टोपली में समाव!" थोड्याच वेळात मासे वर येऊन तोंडं वासू लागले. बायकांनी हात जोडले, गडीमाणसं पाण्यात घुसली.

मत्स्य विभागाचे प्रभाकरराव मागे उभे होते. सात वर्षं ते इथल्या ढिवरांना, म्हणजे मासेमारांना, सोबत घेऊन मत्स्यबीज सोडत होते, भाषणं देत होते. आज तीच बोटाएवढी पिल्लं टोपल्यांत तडफडत होती. ही मेली तर पुढच्या साली ढिवरांच्या जाळ्यात काय येणार?

"तानबा, तुम्ही तरी अडवा," ते ढिवरांच्या म्होरक्याला म्हणाले.

"देवाचं काम हाये साहेब. तुमचं भाषण आमाले समजत नाई. हे दिसते तरी."

प्रभाकरराव टोपलीशी वाकून पिल्लं पाहू लागले. शेजारी गोंड वस्तीतली म्हातारी जयवंता सांडलेली राख बोटांत चोळून हुंगत होती.

"गेळफळ हाये यात," ती म्हणाली. "जंगलातलं. कुटून पान्यात टाकलं का मासा झिंगते. आमचे बुढे नाल्यात टाकत, खायापुरतं."

"कधी सांगितलं नाहीत, बाई?"

"तुमी कधी इचारलं?"

सात वर्षं प्रभाकरराव नुसते बोलतच आले होते. "आज तुम्ही बोला," ते म्हणाले.

जयवंतानं सर्वांसमोर पैज मांडली. दोन घमेल्यांत स्वच्छ पाणी भरून मासे सोडले. एकात बाबांनी चुलीतली साधी राख टाकून मंत्र म्हणायचा. दुसऱ्यात जयवंतानं घरून आणलेली गेळफळाची पूड टाकायची, तोंड मिटून. एवढ्या लोकांसमोर बाबांना नाही म्हणता येईना. घसा बसेस्तोवर त्यांनी मैयाला हाका मारल्या. मासे खुशाल तळाशी फिरत राहिले. जयवंताच्या घमेल्यातले मात्र वर येऊन आडवे झाले.

"मैया नाराज है!" बाबा ओरडले.

"मंग माह्यावर काऊन खुश हाये?" जयवंता म्हणाली. "मी तं तिले बोलावलंबी नाई."

लोक हसले. प्रभाकरराव कल्ल्यांबद्दल सांगू लागले, पण जयवंतानंच सोपं केलं, "त्याले दम कोंडते. हवा खायले वर येते, बाबाले पाह्यले नाई."

तानबानं एक मेलेलं पिल्लू उचललं. "हे तं आपुनच सोडलं होतं," तो पुटपुटला आणि टोपल्या धरणाच्या मोठ्या पाण्यात रित्या करायला धावला. थोडीच पिल्लं वाचली.

बाबांनी झोळी उचलून आंजी गावाची बस गाठली.

"आता तिथंही हीच गर्दी," प्रभाकरराव थकून म्हणाले.

"सकाळी येजा मले घ्यायले," जयवंता म्हणाली.

काही जण अजून बसच्या धुळीकडे हात जोडून उभे होते. जयवंता त्यांच्याकडे वळली. "बाप्पा, चमत्कार दिसला का आधी हातात घ्या, हुंगा, इचारा. खरा असन तं इचारल्यानं त्याचं काई बिघडत नाई."