आधी व्हय म्हण

मैत्री मोरेच्या ऑनलाइन दुकानात पैसे भरायच्या पानावर एक रकाना होता : ‘दुकानाला काही सांगायचंय?’ मसाला फार तिखट नको, बाटली नीट बांधा, असं काहीबाही गिऱ्हाइकं तिथं लिहायची. माणगावहून श्रीवर्धनला जाणाऱ्या रस्त्यावरच्या आपल्या वाडीत बसून मैत्री ते वाचायची आणि हसायची. त्या दिवशी मात्र तिची कानशिलं तापली.

पुण्याच्या एका बाईंनी लग्नात वाटायला मसाल्याची पाकिटं आणि कोकम आगळाच्या बाटल्या मागवल्या होत्या. एवढी मोठी ऑर्डर दुकानाला कधी आली नव्हती. ती मिळाली की मिरची कांडप यंत्र घरात येणार आणि माणगावच्या कांडपावरची रांग सुटणार, असं सासूसुनेनं ठरवूनही टाकलं. पण बाईंनी पैसे अडवून ठेवले होते आणि रकान्यात लिहिलं होतं, ‘मोरे म्हणजे कोणते मोरे? गैरसमज नको, आमच्याकडे सोवळं असतं. कळवा, लगेच पैसे पाठवते.’

गैरसमज नको म्हणे! थोबाडीत मारायची आणि वर विचारायचं, लागलं नाही ना?

तिनं चिरागला फोन लावला. माणगावातल्या किराणावाल्याचा हा मुलगा, दुकानाची वेबसाइट त्यानंच बांधलेली.

“त्यात काय भाभी,” तो म्हणाला. “मोरे सगळ्यांत असतात. काहीतरी गोल गोल लिहून द्या. पत्त्यातलं बौद्धवाडी तर मी सुरुवातीलाच काढलंय.”

“काढलंय? का?”

“ओळ लांब होत होती. लेआउट बिघडत होता.”

“कुणाचा बिघडत होता, चिरागभाई?”

चिराग ‘लेआउट, लेआउट’ करत राहिला. माणूस वाईट नव्हता, हेच तर जास्त झोंबलं.

तिची सासू पुतळाबाई चुलीपाशी मिरच्या भाजत सगळं ऐकत होती. “लिही काय ते,” ती म्हणाली. “मी जन्मभर बाजारात ‘खालच्या आळीची’ म्हणूनच आंबोशी विकली. वाडीचं नाव घेतलं की बायका हातातली कैरीची फोड परत टोपलीत टाकायच्या. नाव गिळलं म्हणून पोट भरलं, पोरी.”

“तुम्ही गिळलंत, आई. मला नाही पचत.”

मैत्रीनं चिरागकडून पासवर्ड घेतला आणि स्वतःच बसली. कुठला रकाना वर, कुठला खाली, कुठला भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, हे सगळं त्या पानावर बोटानं सरकवून ठरवता येत होतं. आधी तिनं अख्खा पत्ता, बौद्धवाडीसकट, सगळ्यांत वर नेला. लेआउट काही बिघडला नाही. मग पैसे भरायच्या बटणाच्या डोक्यावर एक चौकट बसवली आणि लिहिलं : ‘हा माल बौद्धवाडीत आमच्या हातांनी बनतो. हे वाचून मी तो मागवत आहे.’ चौकटीत टिक केल्याशिवाय बटण ढिम्म हलायचं नाही. मग तिनं बाईंची ऑर्डर रद्द करून कळवलं, ‘नव्यानं भरा, उत्तर पानावरच आहे.’

चिरागचा लगेच फोन. “भाभी, आपल्याच पायावर धोंडा मारून घेताय!”

“पाय माझा, धोंडाही माझा. तू कशाला कण्हतोस?”

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. आवाज साखरेत घोळलेला. “अहो, माझं काहीच नाही हो. सासूबाई फोनमध्ये बघतात. तेवढी टिक काढा ना, मी आत्ता पैसे भरते.”

मैत्रीनं वर पाहिलं. कोपऱ्यात यंत्रासाठी पुसून ठेवलेली जागा दिसत होती. शेजारी पुतळाबाई, हातातलं सूप तसंच धरून, तिच्याकडं टक लावून बघत होती.

“ताई, माझ्याही सासूबाई बघतायत,” मैत्री म्हणाली. “टिक राहील.”

फोन कट झाला. ऑर्डर गेली ती गेलीच. मैत्री त्याच कोपऱ्यात बसून ढसाढसा रडली, आणि रडतानाही टिक काढावीशी तिला वाटली नाही. पुतळाबाईनं सूप पुन्हा हलवायला घेतलं.

बाजाराच्या दिवशी दोघी एसटीनं माणगावला गेल्या. मिरच्यांचं पोतं पुन्हा कांडपाच्या रांगेत लावलं आणि आंबोशीची टोपली रस्त्याकडेला मांडली. एक बाई वाकली, फोड उचलली, वास घेतला.

“झकास हाय. कुठल्या आळीची गो तू?”

पुतळाबाईनं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मैत्री मान खाली घालून सुटे पैसे चाचपत राहिली. ‘खालच्या आळीची’ हे सासूचं उत्तर तिला पाठ होतं.

“बौद्धवाडीची!” पुतळाबाई एवढ्यानं ओरडली, की पलीकडच्या भाजीवाल्या वळून बघायला लागल्या. बाईचा हात टोपलीवर थबकला. पुतळाबाईनं तराजू उचललाच नाही.

“आधी व्हय म्हण,” ती म्हणाली. “मग पिशवी उघड.”