पीडेच्या फांदीवरचं घर

मी एक जुनी पाणकोळीण आहे. जुनी म्हणजे दोन पावसाळे पाहिलेली. आमच्यात एवढ्यावरच म्हातारपण येतं. कोळीण म्हटल्यावर तुम्हाला मासळीची टोपली आठवली असेल, तर ती बाजूला ठेवा. मी आठ पायांची. इकडे वर्ध्याकडे मला सरळ मकडी म्हणतात. आंजीच्या वाटेवरच्या एका गावतलावात, काठच्या गवतात मी राहते.

मित्रांनो, मकडी म्हणजे जाळं, हे तुमचं पक्कं गणित. पण मी शिकारीसाठी जाळं विणत नाही. मागचे पाय गवताच्या काडीवर आणि पुढचे पाण्यावर टेकवून बसते. पाण्यात किडा पडला, की पाणी हलतं आणि माझ्या पायांना ते कळतं. मग मी पाण्यावरून धावत सुटते. बगळा दिसला तर काडी धरून पाण्याखाली उतरते. अंगावरच्या केसांत हवा अडकते, तिच्यावर बराच वेळ निभतो. पण काडी हवीच, नाहीतर पाणी मला वर फेकून देतं. माझा सगळा संसार काडीच्या भरवशावर चालतो.

जाळं विणते ते फक्त लेकरांसाठी. यंदाही अंड्यांची गोल पिशवी मी तोंडात धरून हिंडत होते. ती धरली की खाता येत नाही. पोटात कावळे ओरडत होते, आणि एका जागी म्हणून बसवत नव्हतं. पिशवी सुकू नये म्हणून घडीघडी पाण्यात बुडवायची, पुन्हा उन्हाला धरायची. मग एके दिवशी ती सैल लागली. आता पिल्लं निघणार होती. पाण्यावर उभ्या असलेल्या काड्या शोधून तंबू विणायला हवा होता.

नेमका तेव्हाच चंद्रभान विळा घेऊन आला. गावात बैलजोडी आता त्याच्याकडेच उरली आहे. उद्या पोळा, म्हणून बैल धुवायचे होते.

"एवढं गवत काऊन वाढू देल्लं लोकायनं? एखादा सांप निघन अन् बैलाले डसन," असं बडबडत त्यानं अख्खा काठ कापून काढला. त्याची बायको शकुबाई म्हणाली, "बैलापुरतं कापा ना, सारं कायले कापता?"

"सारं साफ दिसलं पायजे," चंद्रभान म्हणाला.

आता सांगा, साफ कोणासाठी? मला तर नुसता राग आला. त्यानं बैलांना शाम्पू चोळला. फेस पसरला आणि ज्या पाण्यावर मी आजवर धावले, ते मला पेलेना. पाय आत जायला लागले. कशीबशी काठ गाठून बैलाच्या खुराच्या खड्ड्यात शिरले. पिशवी तेवढी सोडली नाही.

पोळ्याचा दिवस मी वणवण फिरले. कापलेल्या काड्या आडव्या पडल्या होत्या आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या. तिथं लेकरं ठेवायची कशी? तोंडातल्या पिशवीत हालचाल जाणवत होती आणि मला रडूच आलं असतं, पण आम्हाला तेही जमत नाही.

पोळ्याला इकडे दारात पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली पीडा त्यांच्याबरोबर जावी म्हणून त्या गावाबाहेर फेकतात. ती पीडा मारबत, म्हणजे त्या दिवशी गावाबाहेर नेतात ती बाहुली, घेऊन जाते, असं मानतात. शकुबाईनं काठावर येऊन फांद्या भिरकावल्या आणि म्हणाली, "खोकला, ताप, मच्छर घेऊन जाय गे मारबत."

दोन फांद्या कडेच्या चिखलात रुतून पाण्यावर उभ्या राहिल्या. मी काही विचार केला नाही, धावले. विणत बसले. तंबू पुरा झाला आणि त्याच दिवशी पिल्लं बाहेर आली. एवढी, एवढी, मोजताही येईनात.

मी तंबूवर पहारा करत होते, तर चंद्रभान पुन्हा आला. "हा कचरा पाण्यात घाण दिसून राह्यला," म्हणत त्यानं फांदीला हात घातला.

मागून शकुबाई म्हणाली, "अवो, फेकलेली पीडा परत हाती घेतेत का कोनी?"

त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि निघून गेला. माझी लेकरं वाचली, पण ती भीतीमुळे.

मित्रांनो, मच्छर पाण्यात जन्मतात आणि पाण्यावरच आम्ही त्यांना गाठतो. ज्या मारबतीला तुम्ही हाक मारता, तिचं थोडं काम आम्हीही करतो, फक्त आम्हाला कोणी ओळखत नाही.

पुढच्या पोळ्याला मी नसेन. माझ्या लेकी तोंडात पिशव्या धरून काड्या शोधत असतील. बैलांसाठी एक काठ कापा, जरूर कापा. दुसरा तसाच उभा राहू द्या. पीडेच्या भीतीनं नको, त्यांचं घर आहे म्हणून राहू द्या.