ताउनोची छाती, काउकोचा कॉम्प्रेसर

नोव्हेंबर लागला की फिनलंडमधल्या कांगासनिएमी गावात ज्यांच्या ज्यांच्या दारात मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, उभी आहे, ती सगळी माणसं एकमेकांना एकच प्रश्न विचारतात: पाणी काढलं का? पाइपांत घोटभर जरी पाणी राहिलं तरी ते गोठतं, पाइप फुटतो, आणि वसंतात पहिला नळ सोडला की गादी पोहायला लागते.

ताउनोची गादी या वसंतात पोहली होती. गावच्या बँडमध्ये तो ट्यूबा, म्हणजे भलामोठा पितळी कर्णा, वाजवायचा, त्यामुळे स्वतःच्या छातीवर त्याचा फार विश्वास. दरवर्षी पाइपाला तोंड लावून फुंकायचा आणि पाणी काढायचा. त्याच्या बायकोचा, हेल्मीचा, या छातीवरचा विश्वास मात्र गादीबरोबर वाहून गेला होता.

म्हणून या वर्षी तिनं शेजारच्या काउकोला बोलावलं. काउकोकडे कॉम्प्रेसर होता. लाल, चाकांचा. काउको नुसता कॉम्प्रेसर घेऊन आला नाही, दाढी करून आला. ताउनोच्या हे लगेच लक्षात आलं. पाइपात हवा सोडायला गुळगुळीत गाल कशाला लागतात?

"ताउनो, एक टॉवेल आण," हेल्मी म्हणाली.

"कुणाला?"

"काउकोला. हात पुसायला."

"त्याच्या घरी टॉवेल नाहीत?"

"ताउनो."

त्यानं टॉवेल आणला. शोधून शोधून, भोकाचा.

कॉम्प्रेसर घरघरला, पाणी भळाभळा बाहेर आलं. "काय जोर आहे!" असं हेल्मी म्हणाली. यंत्राबद्दलच म्हणाली असावी.

"आता एक चक्कर," काउको हात पुसत म्हणाला. त्याचं बोट भोकातून आरपार गेलं, तरी त्यानं टॉवेल नीट घडी करून परत दिला. तेवढा सभ्यपणाही ताउनोला झोंबला.

चक्कर म्हणजे, सगळे नळ उघडे ठेवून गाडी गरागरा फिरवायची आणि मध्येच ब्रेक मारायचा. कोपऱ्यात दडून बसलेलं पाणी बाहेर येतं. हे तिथं सगळेच करतात. या दिवसांत सुपरमार्केटपुढच्या सर्कलला मोटरहोमा गंभीरपणे मुतत प्रदक्षिणा घालताना दिसतात आणि बाकीच्या गाड्या आदरानं थांबतात.

"मी चालवतो," ताउनो म्हणाला.

"हेल्मी चालवेल. ब्रेक कधी मारायचा ते मी शेजारी बसून सांगतो," काउको म्हणाला. "मागं सिंकखालच्या कपाटात डोकं घालून पाणी ऐकायला कुणीतरी पाहिजे."

"मग तू घाल की डोकं."

"तुझे कान संगीताचे. माझा कान म्हणजे नुसता टोपी अडकवायचा खुंटा."

हेल्मी हसली. ताउनो कपाटात गेला.

सर्कलला गाडी फिरू लागली. कपाटात अंधार होता, भांडी घासायच्या साबणाचा वास होता, आणि पुढून हेल्मीचं हसू येत होतं. काउको काहीतरी पुटपुटायचा, ती हसायची. गाडी वळायची, ती आणखी हसायची. असं ती आपल्याबरोबर शेवटचं कधी हसली, हे ताउनो आठवायला लागला आणि नेमका ब्रेक लागला. डोकं पाइपावर आपटलं. पाइपात पाणी डुचमळलं. अगदी स्पष्ट. मंद्र सप्तकात.

"ताउनो, काय ऐकू येतंय?" हेल्मी ओरडली.

अजून पाणी म्हणजे अजून चकरा. अजून चकरा म्हणजे अजून हसू.

"काही नाही!" तो ओरडला. "ठणठणीत कोरडं!"

घरी आल्यावर त्याला फार बरं वाटलं. फुटू दे पाइप. नाव काउकोचं खराब होईल. त्या रात्री तो लहान मुलासारखा झोपला.

सकाळी हेल्मी टेबलावर नकाशा पसरून बसली होती. रेडिओवर सांगत होते, आज रात्री उणे पंचवीस.

"मेमध्ये नॉर्वेला जाऊ," ती म्हणाली. "आणि या खेपेला मला कोरड्या गादीवर झोपायचंय."

"कोण कोण?"

"अख्खा बँड. अरे, तू आणि मी! दुसरं कोण?"

ताउनोनं बूट घातले.

बाहेर उणे आठ. गाडीत शिरून त्यानं शॉवरची नळी काढली, ओठ चाटले, आणि उघड्या पितळी तोंडाला तोंड लावून फुंकलं. बंद कपाटाच्या आडोशाला पाणी अजून गोठलं नव्हतं. ते हललं, सरकलं, गाडीखालच्या भोकातून पडू लागलं. ताउनोनं विजयानं मान वर केली. मान वर आली नाही. ओले ओठ गोठून पितळेला घट्ट चिकटले होते.

सर्दीनं नाक चोंदलेलं. आता श्वास ओठांच्या एका कोपऱ्यातून आत घ्यायचा आणि पाइपात सोडायचा, एवढाच धर्म उरला. पाणी संपलं तसा पाइप वाजू लागला. गाडीखालून लांबलचक, करुण, ओलसर आवाज निघाला आणि आळीभर पसरला.

मूस हरणांच्या शिकारीचे दिवस होते. काउको नारिंगी टोपी घालून, खांद्याला बंदूक अडकवून धावत आला.

"हेल्मी! तुझ्या गाडीत मूस आहे!"

हेल्मी कॉफीचं भांडं हातात घेऊनच बाहेर आली. दोघांनी दार उघडलं.

"नर आहे," हेल्मी म्हणाली.

तिनं कॉफी हळूहळू ताउनोच्या ओठांवर ओतली. कोमट होती, चांगली होती. ओठ सुटले तेव्हा ते दोन सॉसेजसारखे दिसत होते.

काउकोनं पाइपाला कान लावला. "एक थेंब नाही. उगाच तडफडलास. माझ्या यंत्रानं कालच सगळं काढलं होतं."

ताउनोपुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसायचं, नाहीतर खरं बोलायचं. आणि खरं बोलल्याशिवाय काउको हरत नव्हता.

"नव्हतं काढलं!" तो सुजलेल्या तोंडानं म्हणाला. "काल पाणी होतं. मी खोटं बोललो. खाली बघा!"

हेल्मीनं वाकून बघितलं. भोकाखाली बर्फात बादली मावेल एवढा ओला खड्डा पडला होता.

"का खोटं बोललास?"

"तुम्ही हसत होतात."

हेल्मी सरळ उभी राहिली. "अरे बाबा, आरशात तुझे पाय दिसत होते. प्रत्येक वळणाला कपाटातून हवेत जायचे. काउको म्हणे, हा माणूस वेगळा घ्यावा लागत नाही, सिंकबरोबरच मिळतो."

आपल्यालाच हसत होते! ताउनोच्या छातीत ऊब पसरली. आयुष्यात त्याचा इतका गोड अपमान कुणी केला नव्हता.

"पुढच्या वर्षी तूच फुंक," हेल्मी म्हणाली. "पण शेकोटीपाशी ओठ कोरडे करून."

काउको पायरीवरच उभा होता. टोपी हातात घेऊन, केस नीट करून, त्या भांड्याकडे बघत.

"बरं," तो म्हणाला, "कॉफीचा वास छान येतोय."

हेल्मीनं भांडं उलटं करून दाखवलं.

"संपली," ती म्हणाली. फिनलंडमध्ये दारात आलेल्या शेजाऱ्याला कॉफी पाजल्याशिवाय पाठवत नाहीत; 'संपली' असं तर कुणीच म्हणत नाही. ताउनोला हसायचं होतं, पण ओठ काही केल्या वळेनात.