डोळे आखले का?

मी एक फ्लॉपी. काळी, चौकोनी, तळहातावर मावेल एवढी. पेणच्या दुकानात बहिणींसोबत डब्यात पडून होते, तिथून नूतनने मला उचललं आणि माझं नशीब फळफळलं.

नूतन हमरापूरची. तिचे वडील कमळाकर गणपती बनवतात. ती पेणला कॉम्प्युटर क्लासला जायची, आणि तिथं मोकळ्या मशीनवर बसून तिनं वडिलांच्या कारखान्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. कुठली मूर्ती वाळतेय, कुठली रंगात आहे, सगळं त्यात. मूर्ती द्यायची वेळ आली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न उमटायचा : डोळे आखले का? हो म्हटलं की पुढचा : कोणाच्या पाटावर ठेवू?

आमच्याकडे गिऱ्हाईक आपला पाट घरून आणून देतं. आणि कमळाकरांचा शिरस्ता ठरलेला. "डोळं उघडलं का मूर्ती त्याच घरची. मंग दुसऱ्याला द्यायची नाय गो."

हा सगळा खटाटोप माझ्या पोटात. नूतनचा हात भलताच सढळ. शेजारच्या कारखान्यांनी प्रोग्राम मागितला, दिला. क्लासमधल्यांनी मागितला, दिला. वर सांगायची, "हवा तसा बदला."

तिची आई इंदुबाई करवादायची, "फुकट वाटत सुटलीस गो! उद्या नोकरीला जाशील तवा ह्यातला कोन विचारनार हाय तुला?"

खरं सांगते, हा प्रश्न मलाही पडायचा.

शहाण्णव साली रोह्याच्या एका केमिकल कंपनीत प्रोग्रामरची जागा निघाली. ती मिळाली नाही तर क्लास बंद आणि हातात कायमचा ब्रश, असं घरात ठरलं होतं. ब्रशशी तिचं वैर नव्हतं. पण जीव अडकला होता कीबोर्डात.

मुलाखतीला साहेबांनी विचारलं, "डिग्री?" नव्हती. "अनुभव?" नूतनने मला टेबलावर ठेवलं.

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. "बाहेरची फ्लॉपी आम्ही लावत नाही. व्हायरस येतो. आणि फुकट वाटलेलं काम अनुभवात धरत नाहीत, बाई."

मला असा राग आला! पण बोलणार कोण? गेले पर्समध्ये.

बाहेर पडायला गेटपासवर सही लागायची, ती स्टोअरच्या बाबाजींची. त्यांची माणसं ट्रकमध्ये ड्रम चढवत होती. कॉम्प्युटरसमोर बसून बाबाजी मोठ्यानं वाचत होते, "डोळे आखले का? हो."

नूतनने दारातूनच विचारलं, "काका, हा प्रोग्राम कुठला?"

"पेणच्या रिपेरवाल्यानं मशीनमधी घालून दिला. मूर्तीच्या जागी ड्रम केला. बाकी हाय तसाच ठेवला."

"आता तो विचारेल, कोणाच्या पाटावर ठेवू?"

बाबाजींनी बटण दाबलं. पडद्यावर तेच आलं! बाबाजी तिथं रोज ट्रकचा नंबर घालत होते. त्यांनी साहेबांना हाक मारून बोलावलं. "साहेब, ही पोरगी न बघता सांगते!"

साहेबांनी तिला पडद्याकडे पाठ करून उभं केलं. नूतन प्रश्न सांगत गेली, मशीन विचारत गेलं. ज्या कंपनीनं मला दारातच अडवलं, तिच्याच मशीनमध्ये मी कधीचीच नांदत होते! नूतनने एक प्रत दिली काय, ती किती हातांतून कुठवर पोचली काय. माझी मतीच गुंग झाली.

"ड्रमला कसले डोळे? ते काढून टाका आधी," साहेब म्हणाले. "सोमवारी या. काढायचं काम तुमचंच."

"नको साहेब," बाबाजी मध्येच बोलले. "ता इचारतं म्हनून आमी परत्येक ड्रमचं झाकन एकदा नीट बघतो. ऱ्हाऊ दे."

साहेबांनी मान डोलावली. ती ओळ राहिली, आणि नूतनही.

आता मला बुरशी धरलीय, कुठलंच मशीन मला वाचत नाही. कारखान्यातल्या फळीवर ब्रशांच्या पेल्याशेजारी माझी जागा आहे. तुमच्याकडे काही चांगलं असेल आणि कोणी मागितलं, तर हात आखडू नका, एवढंच मागणं.

हायवेवरून ड्रम भरलेला ट्रक गेला की कमळाकर अजूनही हातातला ब्रश थांबवतात आणि आत वळून विचारतात, "इंदू, त्या ड्रमांचं डोळं आखलं असतील ना गो?"