बटाटे आले नाहीत

"शपथेवर सांगा, 'मी काम सोडलं' असं तुम्ही म्हणालात का?" फोनमधल्या बाईंनी विचारलं.

"म्हणाले की," इर्मामावशी म्हणाली. "कितीदा तरी म्हणालेय."

मी टेबलावर हात आपटला. सकाळपासून पढवत होते तिला, नाही म्हण, नुसतं नाही म्हण. आपणहून काम सोडलं तर बेकारीचा भत्ता मिळत नाही. आणि भत्ता नाही तर हा हिवाळा घर तापवायचं कशानं?

"तिथे अजून कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"भाची माझी. तापट आहे. आमच्याकडं सगळेच तापट."

भत्त्याची सुनावणी फोनवरच होती. एका टोकाला आम्ही दोघी, स्वयंपाकघरात. दुसऱ्या टोकाला कर्ट, त्याच्या हॉटेलात. आणि मधे, कुठल्यातरी शहरात बसलेल्या या सरकारी बाई. कर्टचं हॉटेल आमच्या खिडकीतून दिसतं. मधे फक्त चर्चचं पटांगण. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

"इर्माबाईंनी एप्रन काढून फेकला," कर्ट वाचून दाखवल्यासारखा बोलत होता. "काम सोडलं म्हणाल्या आणि निघून गेल्या. मी त्यांना काढलेलं नाही."

"बाई?" मावशी म्हणाली. "दुधाचे दात होते तेव्हापासून काकू म्हणतोयस."

"आपसात बोलू नका. इर्मा, दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर का गेला नाहीत?"

"बटाटे आले नाहीत."

"काय आले नाहीत?"

आता हे आमच्या तळ्याकाठी कुणालाही विचारा. विस्कॉन्सिन राज्यात शुक्रवारी सगळे तळलेला मासा खातात, आणि आमच्या गावात तो क्लेमच्या हॉटेलात. क्लेम म्हणजे कर्टचा बाप. तळणीवर मावशी. माशाबरोबर बटाट्याची धिरडी, सफरचंदाचा गर, कोबीची कोशिंबीर. बाहेर गाड्यांची रांग, आत क्लेमचा आवाज. "इर्मा, मासा तळतेयस की जाळतेयस?" की मावशीचा पारा चढलाच. "तळ तूच! सोडलं मी काम!" आणि एप्रन भिरकावून, पीठ लागलेल्या हातांनी पटांगण ओलांडून घरी. असं वर्षातून चार-पाचदा तरी. लोक खाताखाता टाळ्या वाजवायचे.

क्लेम माफी मागणारा नव्हता. सकाळी पोराच्या हाती बटाट्यांचं पोतं पाठवायचा, बस. मावशी ते आमच्याच ओट्यावर सोलायची, किसायची, शिव्या घालत. संध्याकाळी किसाची बादली घेऊन कामावर हजर. कुणी काही विचारायचं नाही.

मावशीनं बाईंना हेच सांगितलं, जरा लांबण लावून. बर्फ पडला की कर्ट पोतं घसरगाडीवर ओढत आणायचा. एकदा पटांगणात गाडी उलटली, बटाटे बर्फात गडप. पोरगं रडत दारात उभं.

"मग दोघांनी उकरून काढले," मावशी म्हणाली. तिचा आवाज एकदम तरुण झाला होता. "याचे मोजे भट्टीवर वाळत टाकले. क्लेम फोन करतोय, पोरगा कुठाय, पोरगा कुठाय! आणि पोरगा माझ्या खुर्चीत, गरम कोको पीत."

"चार कप," कर्ट म्हणाला. त्याचा त्यालाच बोलून गेला असावा.

बाईही हसल्या असाव्यात. मग खोकल्या. "म्हणजे ही पद्धत तुम्हाला माहीत होती?"

"बाबांच्या वेळी काहीही चालायचं. बाबा आता नाहीत."

"मी विचारतेय, त्या दिवशी इर्मा 'काम सोडलं' म्हणाल्या, तेव्हा तुम्हाला काय वाटलं? खरंच सोडलं?"

खिडकीतून कर्टची लाल गाडी दिसत होती. मला वाटलं, आता हा खोटं बोलणार, आणि बोलला ना, तर जाऊन त्या गाडीची काच फोडते.

"गेल्या महिन्यापासून आम्ही तयार, गोठवलेला मासा आणतो," तो शेवटी म्हणाला. "त्यावरूनच भांडण झालं. सगळं बदललं मी. रंग दिला, खुर्च्या आणल्या. पण लोक दारातनं आत आले की पहिल्यांदा तळणीकडं बघायचे. इर्मा आहे ना? मग बसायचे. माझ्याकडं कुणी बघायचं नाही."

"माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या."

"कळलं होतं मला. सोडलं नव्हतं. बटाट्यांची वाट बघतील हे माहीत होतं." मग मावशीला म्हणाला, "म्हणूनच नाही पाठवले, काकू."

जिंकलो होतो. मी उभीच राहिले, मावशीच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. ती फोनकडं बघत होती. इतके दिवस ती मला समजावत होती, अगं, पोर शहरात राहून आलंय, विसरला असेल. बापाच्या मागे सतरा व्याप. विसरला असेल.

"बरं," मावशी म्हणाली. बाईंनी अजून काही सांगायचंय का विचारलं. "नाही," म्हणाली. "पोरगा खरं बोलला."

निकाल टपालानं आला, आमच्या बाजूनं. खाली अट होती, भत्ता चालू तोवर दर आठवड्याला कुठंतरी काम मागायला जायचं.

"मागायचं म्हणजे कसं?" मावशीनं विचारलं. तिनं आयुष्यात कधी काम मागितलं नव्हतं. क्लेमच्या आईनं तिला रस्त्यातनं हाक मारून आत घेतलं होतं, ती तेव्हा माझ्याएवढी होती.

सोमवारी शाळेच्या खानावळीत गेलो. मी अर्ध्यात सोडलेली तीच शाळा. तिथं परत पाऊल टाकणार नव्हते, पण मावशी एकटी जाईना. तिनं चर्चला जातानाचा कोट घातला होता, केस बसवले होते. पोरं ट्रे घेऊन ओळीत उभी होती, तर ही पण ओळीत उभी राहिली, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. तिला म्हटलं, अगं, सरळ पुढं जा. "नंबर आपला यायचाय अजून," म्हणाली.

नंबर आला. काउंटरपलीकडं कढईत काहीतरी तळलं जात होतं. मावशीनं तिकडं बघितलं नाही. समोर वाढणाऱ्या पोरीकडं बघितलं, कोटाचं वरचं बटण लावलं.

"माझं नाव इर्मा," ती म्हणाली. "तुमच्याकडं काही काम आहे का?"