थांब म्हणणारं रसायन

म्या गोरख, मार्गासनीचा. डोकं माझं लवकर तापतं, लपवून काय उपेग? त्या दिवशी खोंडावर तापलं होतं. औतासकट शेजारच्या फुलाबाईच्या भाताच्या रोपात शिरलं की हो! फुलाबाईनं माझ्या सात पिढ्या उद्धारल्या.

माझी भाची स्नेहल बांधावर तोंड पाडून बसलेली. पुण्यात मेंदूवर संशोधन करती. म्हणली, "मामा, मी सोडतेय हे. दहा महिने वाया गेले."

"झालं काय, ते तर सांग!"

मंग तिनं सांगितलं. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं. पेशीला 'थांब' म्हणायचं, हे त्याचं काम. ते ऐकायला पेशीच्या अंगावर जणू कान असत्यात. हिनं बशीत कोवळ्या पेशी वाढवल्या आन् गाबा अडवला. वाटलं, ऐकू येईना म्हणून पेशी जास्तीच कान काढतील. तर निम्मेसुद्धा आले न्हाईत.

"आणि मामा, कोवळ्या पेशीला गाबा थांबवतच नाही, उलट चेतवतो. मग तो नसला तर काय बिघडणार होतं? माझंच काहीतरी चुकलं."

"चुकलं माझं!" म्या खेकसलो. "खोंड नवं होतं तवा थांबवायला 'हो, हो' म्हणलं की उलट बिचकून पळायचं. म्हणून म्या शहाण्यानं म्हणायचंच सोडलं. मोठं झालं की आपसूक ऐकंल म्हणलं. आता बघ, 'हो' कशाशी खात्यात त्याला ठावंच न्हाई!"

स्नेहल ताडकन उठली. "म्हणजे तो आवाजच कान घडवतो! चेतवत असला तरी! मामा, माझा प्रयोग बरोबरच असेल. पण गाबा परत दिला तर कान येतील का?"

"देऊन बघ की, बये! म्या बी वरडून बघतो."

ती मिळंल त्या एसटीनं पुण्याला गेली. म्या रोज घसा फोडला. पोरं हसली, बायको वैतागली. नवव्या दिवशी खोंड 'हो'ला थबकलं आन् म्या खाचरात नाचलो. पण जीव सगळा मोबाईलकडं.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. रडत होती का हसत, कळंना. "मामा, आले! भरभरून आले!"

"मंग, सोडतीस का आता?"

"तुमी हाकललंत तरी न्हाई!"

पुण्यात राहून बोली सुधारलेली पोर आमच्यासारखं बोलली. म्या असा वरडलो की फुलाबाई लावणी टाकून पळत आली. "काय झालं वो?"

"भाची ऱ्हायली!" म्हणलं. "शास्त्रज्ञच ऱ्हायली!"